मे महिन्यातल्या पाण्यावर सोलर पंप निवडा

लहान बोअरवर सोलर पंप घ्यायचा म्हटलं की कोकणात पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा घेऊ?" खरं तर हा शेवटी विचारायचा प्रश्न. आधी बघायचं ते हे, की आपली बोअर मे महिन्यात तासाला किती पाणी देते.

बोअर मारताना गाडीवाल्याने सांगितलेलं "दीड इंच पाणी" धरून चालू नका. एप्रिल-अखेरीस किंवा मे महिन्यात भाड्याचा पंप सोडून तीन-चार तास सलग चालवा. सुरुवातीला येतं ते बोअरमध्ये साठलेलं पाणी असतं. व्हॉल्व्ह थोडाथोडा आवळत जा. दोरीला वजन बांधून पातळी मोजत राहा आणि ती एका जागी थांबली की 200 लिटरचं पिंप किती वेळात भरतं ते घड्याळ लावून बघा. 8 मिनिटं लागली तर तासाला 1500 लिटर. बोअर खाडीजवळ असेल तर शेवटी पाणी चाखूनही बघा. जास्त उपशाने खारं पाणी आत येतं आणि एकदा आलं की लवकर हटत नाही.

आता हेड काढा, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती उंच चढवायचंय ते. समजा पातळी 35 मीटर खोल, टाकी 8 मीटर उंच, पाइपातल्या घर्षणाचे 5 मीटर, म्हणजे 48 मीटर. या हेडला तासाला 1500 लिटर उचलायला चांगल्या प्रतीचा 1 एचपीचा पंप आणि हजार-बाराशे वॉटची पॅनल पुरतात. पाच तास नीट ऊन मिळालं तर साडेसात हजार लिटर. माडाला ठिबकने रोज 40 लिटर धरले तरी दीडशे माड भिजून पाणी उरतं. लहान बोअरला असा दिवसभर हळू चालणारा पंपच मानवतो.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत मात्र पंपाचा आकार जमिनीवरून ठरतो. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. एवढा पंप वर काढलेल्या 48 मीटर हेडला तासाला सहा-सात हजार लिटर ओढू बघतो. योजनेतून घेतलात तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बोअरच्या मापाने आवळून ठेवा आणि ड्राय-रन संरक्षण (पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारी सोय) चालू आहे ना, हे बसवणाऱ्याकडून समोर करून घ्या.

पैसे देण्याआधी केसिंगचा, म्हणजे बोअरमध्ये घातलेल्या पाइपाचा, आतला व्यास मोजा. 6 इंची बोअरमध्ये व्ही-4 (4 इंची बोअरसाठीचा) पंप सहज उतरतो, अरुंद बोअरला त्याहून बारीक व्ही-3 लागू शकतो. दुकानदाराकडून पंपाचा तक्ता मागा आणि आपल्या हेडसमोरचा लिटरचा आकडा बिलावर लिहून घ्या.

खाऱ्या हवेसाठी पॅनलचा सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवलेला) आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत. 2020 चं निसर्ग वादळ ज्यांनी पाहिलंय त्यांना काँक्रीटचा पाया खोल का घ्यायचा ते सांगायला नको. पॅनल दक्षिणेकडे, 17 ते 20 अंशांच्या उतारावर, माडाच्या झावळ्या पडणार नाहीत अशा जागी. एका पॅनलवर सावली आली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचीच वीज घटते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात, म्हणून जागा नक्की करताना दुपारची सावली त्या दिवसांत बघा.