पात्र खेळाडूचं आहे: टेबलावर या चुका टाळा

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या, हातात अख्खं जग असतं: राजे, राक्षस, वादळं, देवसुद्धा. खेळाडूच्या हातात एकच पात्र. तरी नवे जीएम नेमका त्याच पात्रावर हक्क सांगतात, आणि ते बघून मला दर वेळी चीड येते.

गैरहजर खेळाडूचं पात्र परस्पर चालवणं. ही सगळ्यात वाईट खोड. मी खेळत होतो त्या एका कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन, म्हणजे बैठका, चालणाऱ्या कथेत) एका मैत्रिणीच्या पुजारिणीने एका कैद्याला अभय दिलं होतं. त्या शब्दासाठी ती आम्हा सगळ्यांशी भांडली होती. पुढच्या सेशनला ती येऊ शकली नाही. जीएमला कथा पुढे दामटायची घाई होती, म्हणून त्याने पुजारिणीच्याच हातून कैद्याला मारलं. परत आल्यावर तिने एवढंच विचारलं, "पण मी त्याला का मारलं?" जीएम म्हणाला, "रागाच्या भरात." त्यानंतर ती फक्त फासे टाकायची, आकडा सांगायची आणि गप्प बसायची. काही दिवसांनी यायचीच बंद झाली. एका मेसेजवर विचारता आलं असतं!

माझ्या टेबलावर गैरहजर माणसाचं पात्र तळ राखत बसतं. ते मरत नाही आणि कुठलाही निर्णय घेत नाही. कथेत फट पडली तर पडू दे.

भावना ठरवून टाकणं. "तुझी बोबडी वळते, तू पळत सुटतोस" असं सांगू नका. राक्षसाचं वर्णन करा, घाबरायचं की नाही ते खेळाडू बघेल. नियमांतच भीती असेल तर गोष्ट वेगळी. 'कॉल ऑफ कथुलू' या भयकथांच्या गेममध्ये सॅनिटी, म्हणजे पात्राच्या मानसिक तोलाचा आकडा, शून्यावर आली की पात्र कीपरकडे (तिथल्या जीएमकडे) जातं, पण तो आकडा खेळाडूच्या डोळ्यांदेखत उतरत आलेला असतो.

स्पेल (जादूचा मंत्र) न वाचता वापरणं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गेमच्या पाचव्या आवृत्तीत 'चार्म पर्सन' ही पहिल्या लेव्हलची स्पेल आहे. तिने समोरचा तुम्हाला ओळखीतला भला माणूस समजतो, तुमचा गुलाम होत नाही. ताबा हवा तर पाचव्या लेव्हलची 'डॉमिनेट पर्सन' आहे, आणि तिच्यातही मार बसला की पुन्हा सेव्हिंग थ्रो (जादूतून सुटण्यासाठी टाकायचा फासा) मिळतो. तिथेही मी फक्त हुकूम सांगतो. पात्र तो कसा पाळतं, ते खेळाडूच वर्णन करतो.

"माझं पात्र असंच वागेल" म्हणत सोबत्यांचा खिसा कापणं. तुमचा हक्क तुमच्या पात्राच्या शीटपुरता आहे. खेळाडूंनी एकमेकांवर पर्सुएजनचे (मन वळवण्याच्या कौशल्याचे) फासे टाकू नयेत, बोलून पटवावं.

सेशन झीरो, म्हणजे खेळ सुरू होण्याआधी अपेक्षा आणि मर्यादा ठरवायची बैठक, गाळणं. घाई असलेल्यांनी जीएम होऊच नये.

अडचण लादणं. 'फेट' या गेमची पद्धत मी सगळीकडे वापरतो. जीएम अडचणीसोबत फेट पॉइंट (पुढे आपल्या फायद्यासाठी खर्चता येणारा गुण) पुढे करतो. खेळाडू तो घेतो, किंवा पदरचा एक पॉइंट मोजून नकार देतो. बॅकस्टोरीतल्या (पात्राच्या पूर्वकथेतल्या) बहिणीला पळवून न्यायचं असेल तरी मी आधी तसंच विचारतो. बहुतेक खेळाडू हो म्हणतात, आणि पळवणारा कोण असावा हेही तेच सुचवतात.