केटी राहिल्या असतील, तर या चुका टाळा

‘मॅडम, एम-थ्री उडाला.’ दर निकालानंतर हे वाक्य माझ्या कानावर येतं. एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगचा तिसऱ्या सत्रातला गणिताचा पेपर. त्यावर माझा पहिला प्रश्न असतो, ‘कशात उडाला?’ बहुतेकांना उत्तर देता येत नाही, कारण गुणपत्रिकेवर लाल दिसलं की पुढचं वाचायची कोणाला हिंमत होत नाही. मी नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. केटीत, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या विषयांत अडकलेली, ड्रॉप लागून वर्ष गेलेली खूप मुलं जवळून पाहिली आहेत. त्यातली फार थोडी बुद्धी कमी पडल्यामुळे मागे राहिली होती.

गुणपत्रिका न वाचता अभ्यासाला बसणं

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगमधल्या जुन्या ८०-२० पद्धतीत लेखी आणि अंतर्गत परीक्षा ही दोन वेगळी हेड, म्हणजे गुणांचे वेगळे भाग, असतात. ८० पैकी ३२ आणि २० पैकी ८, असं दोन्हीकडे स्वतंत्र पास व्हावं लागतं. कॉमर्सच्या जुन्या ७५-२५ मध्ये हेच आकडे ३० आणि १० आहेत. लेखीत ४५ मिळवून अंतर्गत परीक्षेत ६ वर अडकलेली एक मुलगी महिनाभर पुन्हा सगळा पेपर घोकत बसली होती. सुटलेल्या हेडचे गुण पुढे धरले जातात, तिला फक्त अंतर्गत परीक्षाच द्यायची होती, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. टर्मवर्क (सत्रभराच्या जर्नल-असाइनमेंटचे गुण) आणि तोंडी परीक्षेचंही असंच वेगळं बघावं लागतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर गुणांची विभागणी आणि क्रेडिटचे नियम बदलत आहेत. त्यामुळे सीनिअरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. आपल्या बॅचला लागू असलेलं परिपत्रक परीक्षा विभागातून मागून घ्या. मागायला लाजण्यासारखं त्यात काही नाही.

रिव्हॅल्युएशनच्या भरवशावर फॉर्म न भरणं

‘दोनच मार्कांनी राहिलाय, रिव्हॅलमध्ये निघेल’ म्हणून मुलं थांबतात. तोवर केटी परीक्षेच्या फॉर्मची तारीख उलटते, रिव्हॅलचा निकाल ‘नो चेंज’ येतो आणि एक सत्र हातचं जातं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत जरूर मागवा. आपण कुठे गुण घालवतो हे त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. पण केटीचा फॉर्मही भरा, पावती जपून ठेवा आणि अभ्यास थांबवू नका.

सगळे विषय एकदम उचलणं

चार केटी असतील तर चारही वह्या टेबलावर मांडून बसण्यात अर्थ नाही. आधी पहिल्या वर्षाचे विषय सोडवा, कारण तिसऱ्या वर्षात जायला साधारणपणे पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं लागतं. ड्रॉप बहुतेक वेळा इथेच लागतो.

मग प्रत्येक विषयाचं मूळ शोधा. एम-थ्रीचंच घ्या. मुलं म्हणतात, लाप्लास ट्रान्सफॉर्म कळत नाही. मी त्यांना लाप्लास बाजूला ठेवून इंटिग्रेशनची दहा साधी गणितं देते. सहावं-सातवं येईपर्यंत पेन थांबतं. इन्व्हर्स लाप्लासमध्ये छेदाचे अवयव पाडून पार्शल फ्रॅक्शन करावे लागतात, म्हणजे अडचण बारावीपासून चालत आलेली असते. फूरिए सिरीजमध्ये इंटिग्रेशन बाय पार्ट्स पक्कं नसेल तर पानभर गणित करूनही उत्तर चुकतं. फंक्शन इव्हन आहे की ऑड, हे आधी ओळखलं तर निम्मी आकडेमोड करावीच लागत नाही. ज्याला हे जमत नाही, तो सोडवलेल्या प्रश्नपत्रिका पाठ करतो, आकडे बदलले की अडतो आणि ‘पेपर टफ होता’ म्हणतो. त्याऐवजी पहिले पंधरा दिवस फक्त इंटिग्रेशन आणि पार्शल फ्रॅक्शनला द्या. अभ्यासक्रम तसाच पडून आहे म्हणून जीव कासावीस होईल, होऊ द्या. नंतरचे धडे त्या मानाने भराभर सुटतात.

म्हणूनच स्टेशनबाहेरच्या क्लासच्या केटी बॅचला सगळ्या विषयांचे पैसे एकदम भरायच्या आधी विषयाच्या शिक्षकांकडे एकदा जाऊन या. वही घेऊन आलेल्या मुलाला सहसा कोणी परत पाठवत नाही.

प्रवास आणि नोकरी हिशोबात न धरणं

दिव्याहून किंवा डोंबिवलीहून ठाण्याला यायचं, तिथून ट्रान्स-हार्बर पकडून नेरूळला उतरायचं, असं रोज जाऊन-येऊन तीन तास मोडणारा मुलगा ‘रात्री आठ ते बारा अभ्यास’ असं वेळापत्रक भिंतीवर लावतो, तेव्हा ते चौथ्या दिवशी कोसळणार हे मला दिसत असतं. त्याने घरी जाण्याआधीच कॉलेजच्या वाचनालयात दीड तास बसावं. काही मुलं ऐरोलीत रात्रपाळी करतात आणि सकाळच्या लेक्चरला पोचत नाहीत. मग ७५ टक्के हजेरी भरत नाही आणि नाव डिफॉल्टर यादीत लागतं. फी त्याच पगारातून भरली जात असेल, तर ‘नोकरी सोड’ असं मी सरसकट सांगत नाही. पाळी बदलून मिळते का विचारा, परीक्षेच्या आठवड्यांची रजा आत्ताच लिहून द्या आणि हजेरी कमी पडतेय हे यादी लागायच्या आधी वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. यादी लागल्यावर त्यांच्याही हातात फारसं काही उरत नाही.

घरी न सांगणं

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. ड्रॉप लागलेला एक मुलगा वर्षभर रोज डबा घेऊन घरातून निघायचा आणि ठाण्याच्या तलावपाळीवर बसून संध्याकाळी परत जायचा. कळलं तेव्हा त्याची आई माझ्यासमोर रडली. ‘नापास झाला त्याचं काही नाही हो, वर्षभर एकटा बसला,’ एवढंच ती म्हणत होती. घरी सांगताना रिकाम्या हाताने जाऊ नका. कोणते विषय राहिले, फॉर्म कधी भरायचा, किती पैसे लागतील, हे कागदावर लिहून न्या आणि ज्यांच्याशी बोलणं सोपं जातं त्यांना आधी सांगा. पालकांनीही त्या दिवशी शेजारच्या मुलाचं नाव काढू नये.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर अभ्यास त्या दिवशी बाजूला ठेवा आणि टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. तलावपाळीवर बसणारा तो मुलगा आता दर बुधवारी दुपारी इंटिग्रेशनची वही घेऊन माझ्याकडे येतो. एम-थ्री अजून सुटायचा आहे, पण या वेळी फॉर्मची पावती त्याने आधी आईला दाखवली.