पीआयडी ट्युनिंग: गेन बदलण्याआधी व्हॉल्व्ह तपासा

पीआयडी कंट्रोलर प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह या तीन क्रियांनी व्हॉल्व्ह हलवून तापमान राखतो. तापमान सेटपॉइंटभोवती, म्हणजे हव्या असलेल्या तापमानाभोवती, सतत वरखाली होऊ लागले की पहिला हात कंट्रोलरच्या गेनकडे (फरकाला किती जोराने प्रतिसाद द्यायचा त्या आकड्याकडे) जातो, आणि माझ्या मते बहुतेक ट्युनिंग तिथेच बिघडते. आधी जुने आकडे लिहून ठेवावेत, कंट्रोलर मॅन्युअलवर घ्यावा आणि आउटपुट (व्हॉल्व्हला जाणारा सिग्नल, टक्क्यांत) हाताने स्थिर धरावे. हेलकावे थांबले तर ते लूपमध्येच (सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांच्या साखळीत) तयार होत होते. चालूच राहिले तर ते बाहेरून येत आहेत. मग आउटपुट अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वाढवत जावे. दोन-तीन टक्के वाढूनही काहीच न हलता एकदम उडी दिसली, तर व्हॉल्व्ह अडकतो आहे. कित्येकदा ग्लँड पॅकिंग (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे गळती रोखणारे भरण) प्रमाणाबाहेर आवळलेले असते. ते दुरुस्त झाल्याशिवाय कोणतेही ट्युनिंग टिकत नाही.

व्हॉल्व्ह नीट असेल तर स्टेप टेस्ट घ्यावी, म्हणजे आउटपुट एकदम बदलून प्रतिसाद मोजावा. समजा, ०–२०० अंश रेंजच्या हीट एक्स्चेंजरवर आउटपुट ४० वरून ४५ टक्के केले आणि तापमान ८० वरून ८४ अंशांवर स्थिरावले. हे ४ अंश म्हणजे रेंजचे २ टक्के, म्हणून प्रोसेस गेन (आउटपुटच्या दर टक्क्यामागे तापमान किती टक्के बदलते ते) २ ÷ ५ = ०.४. पहिले २० सेकंद तापमान हललेच नाही, हा डेड टाइम. एकूण बदलाचा ६३ टक्के भाग, म्हणजे साधारण ८२.५ अंश, ८० व्या सेकंदाला गाठला, म्हणून डेड टाइम वजा करून टाइम कॉन्स्टंट ६० सेकंद.

आता लूपने किती चपळ असावे ते आपण सेकंदांत ठरवायचे. यालाच लॅम्डा म्हणतात; तो जितका मोठा, तितका लूप संथ. डेड टाइमच्या तिप्पट, म्हणजे ६० सेकंद, ही सुरक्षित सुरुवात आहे. कंट्रोलर गेन = टाइम कॉन्स्टंट ÷ [प्रोसेस गेन × (लॅम्डा + डेड टाइम)] = ६० ÷ [०.४ × (६० + २०)], म्हणजे सुमारे १.९, आणि इंटिग्रल टाइम (उरलेला फरक किती वेगाने भरून काढायचा ते ठरवणारा वेळ) टाइम कॉन्स्टंटइतकाच, ६० सेकंद. झिगलर आणि निकोल्स यांची १९४२ ची पद्धत याहून आक्रमक आकडे देते, आणि तिच्यातील प्रत्येक हेलकावा आधीच्या चौथ्या भागाइतका उरतो. चालू प्लांटवर मी ती टाळतो.

आकडे भरताना एकके अवश्य पाहावीत. काही कंट्रोलर इंटिग्रल मिनिटांत मागतात, तर काही रिपीट प्रति मिनिट, म्हणजे त्या मिनिटांचा व्यस्तांक: ४ मिनिटांचे ०.२५ रिपीट होतात, आणि तिथे थेट ४ भरले तर इंटिग्रल सोळापट जोरकस होते. गेनऐवजी प्रपोर्शनल बँड मागितला असेल तर १०० ला गेनने भागावे. सिग्नलमध्ये नॉइज असेल तर डेरिव्हेटिव्ह (बदलाच्या वेगाला प्रतिसाद देणारा भाग) शून्यच ठेवावे.

ऑटोवर घेतल्यावर सेटपॉइंट १–२ अंशांनी बदलून प्रतिसाद पाहावा आणि हीच चाचणी कमी लोडवरही करावी, कारण तिथे एक्स्चेंजरचा प्रोसेस गेन बहुधा वाढलेला असतो. तिथे हेलकावे दिसल्यास लॅम्डा वाढवून गेन पुन्हा काढावा.