नवं बांधलेलं इंजिन हाताने फिरवताना

इंजिन बांधून झालं की आमच्या यवतमाळकडच्या कितीतरी गॅरेजांत पहिला हात चावीकडे जातो. "सेल्फ मारून पाहू ना भाऊ, फिरते का!" असं अजिबात करू नका. सेल्फला अडथळा कळत नाही, तो रेटून नेतो. मनगटाला मात्र कळतो.

प्लग काढा, डिझेल असेल तर हीटर प्लग. गाडी न्यूट्रलला. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा; त्याच्या पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. उलट फिरवलं तर बोल्ट सैल पडायची भीती असते. पुलीवर खडूची एक खूण करून ठेवा.

आता खरी गंमत. पिस्टनच्या नव्या रिंगांमुळे इंजिन जड लागणारच, पण ते विहिरीतून भरली बादली ओढावी तसं सारखं जड लागतं. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, बसवलं असेल तर मध्येच जोर लागतो आणि लगेच पाना स्वतःहून पुढे सरकतो. ती व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांची ढकल. पहिल्या वर्षी मी यालाच घाबरून अख्खं हेड परत खोललं होतं.

घाबरायचं ते टणक अडथळ्याला. पाना भिंतीला टेकावा तसा थांबला की तिथेच हात सोडा. पाइप घालू नका. मी घातला होता. मे महिन्याची दुपार, लग्नसराई, गाडीमालक डोक्यावर उभा. दोन फुटांचा पाइप दांड्यावर चढवला, 'कच्च' आवाज झाला आणि पाना एकदम हलका झाला. क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ ठेवणारा टायमिंग बेल्ट काही दात चुकला होता. दोन व्हॉल्व्ह वाकले, ते पैसे माझ्या खिशातून गेले.

अडलं तर थोडं मागे घेऊन हळूच परत या. खडूच्या खुणेकडे बघा. दर फेरीला त्याच जागी अडत असेल तर दोष खाली, क्रँक-रॉड-पिस्टनकडे. दोन फेऱ्यांत एकदाच अडत असेल तर वर, कॅम-व्हॉल्व्हकडे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरतो, म्हणून दोन पूर्ण फेऱ्या म्हणजे 720 अंश फिरवल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणूच नये. एका फेरीत 'ओके' म्हणणारे मिस्त्री मी खूप पाहिलेत.

खालचा दोष शोधायला इंजिन पुरं बांधायची वाट कशाला बघता? बांधतानाच बेअरिंगची प्रत्येक कॅप (क्रँकला धरून ठेवणारं झाकण) टॉर्क पान्याने आवळली की क्रँक फिरवून बघा. ज्या कॅपनंतर जड झालं, चोर तिथेच. कॅप उलटी किंवा दुसऱ्या नंबरची बसली असेल, नाहीतर बेअरिंगच्या पाठीमागे मुरमाचा कण. आमच्याकडे उघड्या अंगणात काम चालतं, वारा सुटला की धूळ बसतेच. म्हणून शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पट्टी, बसवण्याआधी जागा बोटाने चाचपा. फडक्यावर भरवसा नको, त्याचेच धागे सुटतात.

दोन फेऱ्या सुरळीत गेल्या की प्लग लगेच लावू नका. इंधन बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारा, मग प्लग.