वर्गणी मागा, पण फेरीमागं

पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहायला आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणाला शिकवावं लागत नाही. तालमीचा खजिनदार म्हणून मी गणपतीची वर्गणी कित्येक वर्षं गोळा केलीय. पण माझं पोरगं एकतिसाव्या आठवड्यात जन्मलं, चौदाशे ग्रॅमचं, महिनाभर काचेच्या पेटीत राहिलं. मग कमी दिवसांच्या बाळांसाठी रंकाळा तलावाभोवती चालून वर्गणी गोळा करायचं ठरवलं आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो. टी-शर्ट, फ्लेक्स आणि मिसळीतच निम्मी रक्कम गेली. तुम्ही करणार असाल तर हे ऐका.

आधी पैसे कशाला, ते ठरवा. पेटी घ्यायची म्हटलं की लोक पटकन देतात, कारण पेटी दिसते. पण पेटी लागूच नये म्हणून काय करायचं, ते दिसत नाही. बाईचं रक्त कमी, बीपी वाढलेलं, लघवीला जंतुसंसर्ग, दोन बाळंतपणांत अंतर नाही, मिश्री-तंबाखू. लवकर कळा येण्यामागं यातलं काहीतरी पुष्कळदा असतं. (कधीकधी कारण सापडतच नाही, हेही सांगा. नाहीतर सासू सुनेलाच धरते.) सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. तिथवर जायला रिक्षाभाडं नसतं, आणि फडावरच्या ऊसतोड बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. आम्ही पैसे त्या भाड्याला आणि बुडालेल्या रोजाला लावले.

आता मागायचं कसं? सरसकट शंभराची पावती फाडू नका. प्रत्येक चालणाऱ्यानं आपले दहा देणारे शोधायचे आणि फेरीमागं दहा रुपये बोलून घ्यायचे. चार फेऱ्या मारल्या की एकेकाकडून चाळीस. ही अक्कल माझी नव्हे. अमेरिकेतली मार्च ऑफ डाइम्स ही संस्था १९३८ साली पोलिओसाठी निघाली, लस आल्यावर नवजात बाळांकडे वळली आणि १९७० पासून चालून पैसे उभे करते. डाइम म्हणजे त्यांचं दहा सेंटचं नाणं. आपले दहा रुपये काही वेगळे नाहीत. आकडा चालण्याआधी वहीत लिहून सही घ्या. नंतर "बघू की" ऐकावं लागतं.

क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा ठेवा, कार्यकर्त्याच्या मोबाईलचा अजिबात नको. आयकर खात्याची मंजुरी असलेला नोंदणीकृत ट्रस्ट सोबत असेल तर देणाऱ्याला करसवलतीची पावती मिळते. मात्र दोन हजारांवर रोख दिली तर करसवलत नाही. ट्रस्ट नसेल तर धर्मादाय कार्यालयाची ४१-क परवानगी काढा, गणपतीला काढतो तीच. पोलीस आणि महापालिकेचे अर्ज महिनाभर आधी द्या.

तारीख १७ नोव्हेंबरच्या जवळचा रविवार. १७ नोव्हेंबर हा दिवस जगभर कमी दिवसांच्या बाळांचा, रंग जांभळा. टी-शर्ट नको, मनगटाला जांभळी फीत पुरे. सकाळी साडेसहाला सुरू करा. रंकाळ्यावर तेव्हा फिरायला आलेली माणसं असतातच, त्यातली निम्मी सोबत येतात. गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारूनच चालावं.

चालताना लोक बोलतात. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही," हे हमखास येतं. वाद घालू नका, एवढंच सांगा की ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं की ते कमी दिवसांचं, आणि पोटात एकेक आठवडा जास्त मिळाला तर बाळाचा फायदाच.

आणि माईकवर "आमचं बाळ वाचलं" असं जोरात सांगू नका. मी सांगितलं होतं. फेरी संपल्यावर एक माणूस आला, हातात पाकीट दिलं. पावतीवर नाव विचारलं तर म्हणाला, "तिचं नाव ठेवायचं राहून गेलं." तेव्हापासून आमच्या वहीत नावाशिवाय एक ओळ मोकळी असते.

हिशोब आठ दिवसांत तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहा: जमा, खर्च, किती बायांचं भाडं दिलं. आमच्याकडं तो ९ डिसेंबरची तपासणी झाल्यावरच पुसतात.