गर्भारपणातील मधुमेहानंतरचे वजन : या चुका टाळा

बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांनी साखर तपासली जाते, ती बहुधा नॉर्मल येते, इन्सुलिन बंद होते आणि मधुमेह गेला अशा समजुतीने सारे घर निर्धास्त होते. वार पडल्यावर तिच्यातून येणारी, इन्सुलिनच्या कामात अडथळा आणणारी संप्रेरके थांबतात आणि साखर उतरते, हे खरे आहे. परंतु गर्भारपणाचा वाढीव भार ज्या स्वादुपिंडाला पेलला नाही, ते स्वादुपिंड काही बदललेले नसते. अशा स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर मातांच्या तुलनेत सुमारे सात ते दहा पट असते. मधुमेह गेला असे धरून चालणे ही मूळ चूक आहे, आणि वजनाच्या बाबतीतल्या बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्मतात.

तिचा पहिला फटका तपासणीला बसतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी साखर तपासायची असते. दोन तासांची साखर १४० ते १९९ आली तर ती पूर्वमधुमेहाची अवस्था. २०० किंवा अधिक, अथवा उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आली तर मधुमेह समजून डॉक्टर पुन्हा खात्री करून घेतात. केवळ तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीवर या काळात विसंबू नये, कारण रक्तस्राव आणि रक्तातील बदलांमुळे तो आकडा फसवा असू शकतो. गंमत अशी, की बाळाची दीड महिन्याची लस याच सुमारास असते आणि ती सहसा कोणी चुकवत नाही. म्हणून त्याच आठवड्यात आईच्या तपासणीचाही दिवस ठरवून टाकावा. अहवाल चांगला आला तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करावीच लागते.

आता माहेरच्या ओट्यावरचा स्टीलचा डबा उघडून पाहू. तुपात फुलवलेला डिंक, खारीक, खोबरे, बदाम आणि गूळ यांचा ४० ग्रॅमचा एक लाडू साधारण २०० कॅलरींचा होतो. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, हे खरे आहे. पण सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू, वाटीभर अळिवाची खीर आणि भातावर सढळ हाताने तूप, एवढ्यानेच ती मर्यादा ओलांडली जाते, शिवाय नेहमीचे जेवण असतेच. गूळ साखरेपेक्षा निर्धोक आहे हा समजही सोडून द्यावा, कारण रक्तातील साखर दोन्हींनी वाढते. लाडू वर्ज्य करण्याची गरज नाही. तो लिंबाएवढा वळावा आणि दिवसातून एकदा, बिस्किटे किंवा फरसाण यांच्या जागी खावा. अळीव भिजवून त्यात लिंबू पिळून घेता येतात आणि मेथीची भाजीही करता येते. बाळंतिणीसाठी जीव टाकणाऱ्या आजीशी वाद घालण्यापेक्षा लाडू लहान वळायला सांगणे सोपे जाते.

याच्या अगदी उलट चूक म्हणजे पोळी-भात बंद करून महिन्यात सगळे वजन उतरवण्याचा हट्ट. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे. त्याहून फार घाई केली तर थकवा वाढतो आणि दुधावरही परिणाम होऊ शकतो. स्तनपान स्वतःच मधुमेहाचा धोका कमी करण्यास हातभार लावते, त्यामुळे त्याला बाधा येईल असा आहार दुहेरी तोट्याचा ठरतो. उद्दिष्टही अवाच्या सव्वा नको. अमेरिकेच्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या अभ्यासात ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच लक्ष्य होते, आणि गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांमध्ये त्याने पुढचा धोका जवळपास निम्म्यावर आला. ७० किलो वजनाच्या स्त्रीसाठी ७ टक्के म्हणजे पाच किलोंच्या आतच.

सव्वा महिना खोलीबाहेर पडायचे नाही हा नियमही आड येतो. डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात फिरावे. सिझेरियन झाले असेल तर पोटाचे व्यायाम आणि जड ओझे यांबाबत विचारूनच पुढे जावे. पोटपट्ट्याने आधार मिळतो, चरबी मात्र जात नाही. वजन उतरूनही पोट मधोमध फुगलेले दिसत असेल तर पोटाचे स्नायू विलग झालेले असू शकतात. त्यासाठी फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

सगळे पाळूनही काटा हलत नसेल, तर तीन दिवस तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहून काढावा. रात्री दूध पाजायला उठल्यावर घेतलेला गोड चहा, मोठ्या मुलाच्या ताटात उरलेला घास अशा गोष्टी तिथे सापडतात. थकवा, केस गळणे, सतत उदास वाटणे अशी लक्षणे सोबत असतील तर थायरॉइड तपासून घ्यावे आणि उदासपणाबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर वजन आधी आटोक्यात आणावे, कारण दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात वाढलेले वजन मधुमेह परतण्याचा धोका वाढवते. पहिल्या वेळचे साखरेचे अहवाल जपून ठेवावेत आणि पुढच्या गर्भारपणातील पहिल्याच तपासणीला ती फाइल डॉक्टरांपुढे ठेवावी.