खलनायक नुसता ओरडतो आणि नाटक हलत नाही? या चुका टाळा

चवथ (गणेशचतुर्थी) सरली की आपल्या गोव्यात जत्रेच्या नाटकांचं, कला अकादमीच्या स्पर्धेचं बोलणं सुरू होतं, नवीन संहिता हातात येतात आणि बऱ्याच वेळा तेच दिसतं, सगळी मेहनत नायकावर आणि खलनायकाच्या वाट्याला मिशी, गडगडाटी हसू नि लाल लाईट. मग दुसरा अंक रेंगाळतो.

मुख्य चूक ही की त्याला काय हवंय तेच ठरवलेलं नसतं. कंस बघा ना, त्याला फक्त जगायचंय. आकाशवाणी ऐकली म्हणून त्याने बहीण-मेहुण्याला कोंडलं, मुलं मारली, म्हणून कृष्ण गोकुळात गेला, मग पूतना पाठवली, आणि शेवटी अक्रूराला धाडून कृष्णाला मथुरेत बोलावलं तेही त्यानेच! हिरण्यकशिपूने तर वर मागतानाच स्वतःचा शेवट ठरवून टाकला, माणूस नको जनावर नको, घरात नको बाहेर नको, दिवसा नको रात्री नको, म्हणून मग नरसिंह, उंबरठा आणि तिन्हीसांज. पेडण्यातले दशावतारी लिहिलेल्या संवादांशिवाय रात्र रात्र खेळ उभा करतात, कारण कोणाला काय हवंय हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तुमचं नाटक तपासायचं असेल तर प्रवेशांची यादी करा आणि खलनायकाचे प्रवेश खोडा. तरीही गोष्ट तशीच चालत असेल तर त्याने काही केलेलंच नाही, त्याला पहिली चाल द्या.

दुसरी चूक सामाजिक नाटकात फार होते. खाण, जमीन, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असा विषय घेतात आणि खलनायक कोण विचारलं की म्हणतात "व्यवस्था". अहो पण व्यवस्था विंगेतून एन्ट्री कशी घेणार? माणूस लागतो. समजा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मुलाला बापाच्या उपचारासाठी जमीन विकायचीय आणि तिथे मुंडकाराचं तीन पिढ्यांचं घर आहे. 1975 च्या मुंडकार कायद्यामुळे त्याला असंच हाकलता येत नाही, त्यामुळे गुंड आणून भागत नाही, तो गोड बोलणार, म्हापशात फ्लॅट देतो म्हणणार, मुंडकाराच्या धाकट्या भावाला आधी फोडणार. दोघांचंही खरं आहे आणि आता प्रत्येक प्रवेशात काहीतरी घडायलाच हवं.

खलनायकाला नायकाची दुखरी जागा माहीत नसणं ही पण चूकच. 'एकच प्याला'तला तळीराम सुधाकरला जबरदस्ती करत नाही, वकिलीची सनद गेल्यावर सुधाकर अपमानाने पेटलेला असताना प्याला पुढे करतो. घ्यायचा की नाही हे सुधाकरच्या हातात होतं, म्हणून ते इतकं लागतं.

शेवटच्या दहा मिनिटांत हृदयपरिवर्तन, किंवा इतका वेळ हुशार असलेला माणूस अचानक सगळं कबूल करतो, हे कृपया नको. त्याला बदलायचंच असेल तर पहिल्या अंकात त्याचं बी दिसू द्या. आणि नटांनो, आवाज खाली आणा, ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला ओरडायची गरज पडत नाही.

तरी गाडी अडली तर एका तालमीत दोघांचे पार्ट बदलून बघा. नायकाच्या नटाला खलनायकाची बाजू मनापासून भांडता आली नाही तर तो प्रवेश परत लिहायला घ्या.